दुसऱ्या बुधवारचा डबा

पावसात तंबू ठोकून झोपायची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला स्वतःचं घर नसणार. हे मी मुलाला तोंडावर सांगितलं. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी मी या देशात आलो ते काय जमिनीवर झोपायला? पक्कं छप्पर, गरम पाणी, घरातल्या घरात संडास, हे सगळं मिळवायला उभी हयात गेली. आणि आता पोरगा म्हणतो, बाबा, चला, तीन दिवस जंगलात राहू. सुखाचा जीव दुःखात घालायचा म्हणतात तो हा असा.

मुलगा दुसऱ्या शहरात, शॉमबर्गला असतो, मी ट्रॉयला. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुट्टी धरून तो, सून आणि नऊ वर्षांची नात शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे येऊन थडकले. शनिवारी सकाळी इथून उत्तरेला पाच तास गाडी हाकायची, सोमवारी परत.

"तीनही दिवस पाऊस दाखवतायत," मी म्हटलं. "कॅन्सल करा."

"बाबा, सहा महिने आधी साइट बुक केलीय. आणि तुम्ही दीड वर्ष घराबाहेर पडला नाहीत."

"ग्रोसरीला जातो की."

"दॅट डझन्ट काउंट, आजोबा," नात म्हणाली.

मग मी गेलो. नातीपुढे माझं काही चालत नाही.

सामान भरायचं काम मुलाने केलं. मी शनिवारी सकाळी अंघोळ करत होतो, तेव्हा त्याने गराजमधून दोन खुर्च्या, ताडपत्री, जुना स्टोव्ह काढला आणि खाण्यापिण्याचा बर्फाचा कूलर भरला. कूलरमध्ये काय काय घातलं ते मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

गाडीत नात माझ्या शेजारी बसली होती. वायपर सारखे चालू. पाइनची झाडं सुरू झाली तशी तिला अस्वलं आठवली.

"आजोबा, तिथे बेअर्स नाहीत ना?"

"नाहीत."

"शप्पथ?"

"शपथ-बिपथ काही नाही. नाहीत म्हणजे नाहीत."

"पण आजी घ्यायची शप्पथ. मग मी म्हणायची, सुटली. इट्स ईझी."

हा खेळ तिला आजीनेच शिकवला होता. आपल्याकडे लहान पोरं नाही का, कुणी शपथ घातली की 'सुटली म्हण, सुटली म्हण' करत मागे लागतात, आणि समोरच्याने 'सुटली' म्हटलं की जीव भांड्यात पडतो. तसं. दर उन्हाळ्यात ही पोरगी महिनाभर आमच्याकडे राहायला यायची, आणि दोघींच्या दिवसाला दहा शपथा व्हायच्या. चॉकलेट खाल्लं नाही, शप्पथ. दात घासले, शप्पथ. सुटली, सुटली, सुटली.

"मी शपथ घेत नाही," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असेन, कारण सुनेने पुढून मागे वळून पाहिलं. नात खिडकीकडे तोंड करून बसली.

का घेत नाही ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आता सांगतो.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझी बायको पुण्याला गेली, तीन आठवड्यांसाठी. तिच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. आमच्या पिढीच्या इथल्या बायका इंडियाला जायच्या आधी काय करतात ते इथल्या कुठल्याही घरात विचारा. बॅग नंतर भरतात, आधी फ्रीझर भरतात. नवरा नावाचा प्राणी तीन आठवड्यांत उपाशी मरेल याची त्यांना खात्री असते. तिने आठवडाभर राबून दह्याच्या रिकाम्या डब्यांत भाज्या, उसळी, आमट्या भरल्या आणि प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून वार लिहिला. पहिला सोमवार, पहिला मंगळवार, असं करत तिसऱ्या शुक्रवारपर्यंत. शनिवार-रविवार मी मित्रांकडे जेवायचो.

दुसऱ्या बुधवारी तिने अळूचं फदफदं ठेवलं होतं.

अळू आणि मी, आमचं जन्माचं वैर. मला घसा खवखवतो. लहानपणी एकदा लग्नाच्या पंगतीत असा खवखवला होता की मी पानावरून उठलो होतो. तिला मात्र अळू जीव की प्राण. मुलाकडे शॉमबर्गला गेलो की डेव्हन ॲव्हेन्यूच्या इंडियन बाजारात जायचंच, ती दुकानात शिरून अळूची पानं निवडत बसायची, आणि मी पार्किंगसाठी चकरा मारत शिव्या घालायचो. घरी आल्यावर ती फदफदं करायची, मी वाटी बाजूला सारायचो, ती म्हणायची, "एक घास खाऊन बघा, मेलं काही होत नाही." मी नाही म्हणायचो. मग ती रागावून दोघांचं एकटीच खायची. दर वेळी हेच.

या खेपेला जाताना विमानतळावर ती मला म्हणाली, "दुसऱ्या बुधवारी अळू आहे. तोंड वाकडं करू नका. दुप्पट चिंच घातलीय, पानं तेलाच्या हाताने चिरलीत, डाळ-दाणे सगळं आहे. खवखवलं तर नाव बदलून ठेवा माझं."

दुसऱ्या बुधवारी मी डबा बाहेर काढला, झाकण उघडलं, ते हिरवं पाहिलं, झाकण लावून परत फ्रीझरमध्ये टाकला आणि ब्रेड-ऑम्लेट करून खाल्लं.

गुरुवारी सकाळी तिचा फोन आला. तिकडे संध्याकाळ होती.

"काल अळू खाल्लंत?"

"खाल्लं."

"खरंच?"

"खाल्लं म्हणतोय ना."

"घसा?"

"अजिबात नाही खवखवला."

"घ्या माझी शपथ."

"तुझी शपथ. गळ्याशपथ."

ती इतकी खूश झाली! खदखदून हसली फोनवर. बहिणीला ओरडून सांगितलं, "अगं, ह्यांनी अळू खाल्लं!" मग मला म्हणाली, "चाळीस वर्षं लागली, पण जिंकले हं मी. बरं, ताई हाक मारतेय, उद्या बोलू." आणि फोन ठेवला.

त्याच दिवशी संध्याकाळी साडूंचा फोन आला. तिकडे शुक्रवारची सकाळ झाली होती. ती चहा करायला उठली आणि स्वयंपाकघरात कोसळून तिथेच गेली.

मी इंजिनिअर आहे. गाड्यांचे ब्रेक बनवण्यात आयुष्य घालवलं. खोटी शपथ घेतली म्हणून माणूस मरत नाही हे मला कोणी सांगायला नको. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर हार्ट अटॅक लिहिलं होतं, शपथेला तिथे रकाना नसतो. पण लहानपणी आईने कानीकपाळी ओरडून सांगितलेलं असतं ना, जिच्या नावाने खोटी शपथ घेशील ती मरेल, ते डोक्यातून जात नाही. सत्तरी उलटली तरी जात नाही. सकाळी आठ वाजता मी तिच्या गळ्याची खोटी शपथ घेतली आणि रात्रीचं जेवण व्हायच्या आत ती गेली. हे मी कोणाला सांगू? पोराला सांगितलं असतं तर त्याने थेरपिस्टचा नंबर दिला असता.

पुण्याहून सगळं आटोपून परत आलो तेव्हा दुसऱ्या गुरुवारपासूनचे डबे तसेच होते. भूक लागेल तसा एकेक काढून खाल्ला. कळतच नव्हतं काय खातोय. बिरडं, छोले, भरली वांगी, चिंचगुळाची आमटी, सगळं संपवलं मूर्खासारखं. एक दिवस फ्रीझर उघडला तर एकच डबा उरलेला. अळूचा. सवयीने तोच मागे सारत गेलो होतो.

खाऊ शकलो नाही. टाकू शकलो नाही. तो डबा तिथे दीड वर्षाच्या वर होता. आठवड्यातून एकदा मी गराजमधल्या फ्रीझरपाशी जाऊन तो आहे ना एवढं बघायचो. लाइट गेली तर काय, म्हणून जनरेटर घेऊन ठेवला. शेजारच्यांना वाटलं म्हाताऱ्याला वादळाची भीती वाटते.

शनिवारी आम्ही जंगलात पोचलो तेव्हा धो धो पाऊस. तंबू उभारताना मुलगा आणि सून मोबाइलवर व्हिडिओ बघत होते, मी खुर्चीत छत्री धरून सूचना देत होतो. "अरे, उताराकडे तोंड करू नका, पाणी आत येईल." ऐकलं नाही. रात्रभरात पाणी आत आलंच. मी फक्त सकाळी ओले मोजे सगळ्यांना दिसतील असे दोरीवर टांगले.

रविवारी पण तेच. भूर्जाची पांढरी झाडं, खाली फर्न, चिखल, आणि पानांवरून टपटप सतत. आजूबाजूच्या साइटवरचे दोन गट सामान गुंडाळून निघून गेले. मुलगा काही निघायचं नाव घेईना. त्याला वाटत होतं, आज ना उद्या ऊन पडेल आणि बाबा हसतील. बिचारा. त्याचीही आई गेली होती, आणि मी दीड वर्षात एकदाही त्याला विचारलं नव्हतं, बाबा रे, तुझं कसं चाललंय.

दुपारी शेकोटीवर बर्गर भाजायचा बेत होता. लाकडं चिंब. तासभर फुंकून फुंकून धूर तेवढा झाला. मी कंटाळून तंबूत जाऊन आडवा झालो. बाहेर ताडपत्रीखाली सुनेने स्टोव्हवर भात लावला. मुलगा म्हणाला, "कूलरमध्ये एक डबा आहे, बाबांनी काहीतरी फ्रीझ केलेलं. बर्फाच्या जागी टाकला होता. तेच गरम करू."

मी ऐकलं, पण डोक्यात शिरलं नाही. माझ्या फ्रीझरमध्ये मीही वरण गोठवून ठेवतो. तेच असेल म्हटलं.

मग भांड्यात काहीतरी पडल्याचा आवाज झाला, स्टोव्ह सूं सूं करू लागला आणि चिंचेचा वास आला. गोडा मसाल्याचा आला. तरीही मी डोळे मिटून पडलेला. आणि बाहेरून नात एकेक अक्षर लावून वाचायला लागली. दर रविवारी ती मराठी शाळेत जाते, मुलाला मराठी वाचता येत नाही.

"दु-स-रा... बु-ध-वा-र. डॅडी, इट सेज सेकंड वेन्सडे. बट टुडे इज संडे."

मी कसा उठलो मला माहीत नाही. तंबूच्या चेनमध्ये स्वेटर अडकला, तो तसाच ओढत बाहेर आलो. डबा रिकामा, टेबलावर आडवा. फदफदं भांड्यात. कडेने बुडबुडे येत होते.

"कोणाला विचारून काढलंस?" मी ओरडलो. "कोणाला विचारलंस? माझ्या घरात येऊन माझ्या फ्रीझरला हात कसा लावलास तू?"

"बाबा, मला वाटलं..."

"काय वाटलं? तुला काय वाटायचंय? आईचं होतं ते! तुझ्या आईच्या हातचं शेवटचं होतं!"

आवाज जंगलभर गेला असेल. सून पळी हातात धरून उभी. मुलगा आधी पांढराफटक पडला, मग खाली वाकून भांड्याचा वास घेतला आणि तोंडावर हात धरून रडायला लागला. बेचाळीस वर्षांचा बाप्या. नात एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली.

सुनेने स्टोव्ह बंद केला. हळूच म्हणाली, "पापा, हम इसे वापस ठंडा करें? अपने कूलर में अभी आइस है. घर जाके फिर से फ्रीझ..." ती गुजराती घरातली आहे, माझ्याशी हिंदीतच बोलते. फार चांगली मुलगी. तिने विचारलं म्हणून मी भानावर आलो.

एकदा वितळून उकळलेलं परत गोठवायचं? ते काय लोणचं आहे? मी भांड्यात पाहिलं. शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, खोबऱ्याचे काप. कडेला बर्फामुळे रंग जरा काळपट झाला होता. टाकायचं तर फाटकापाशी अस्वलांना उघडता येत नाही तसा लोखंडी कचऱ्याचा डबा होता. तिच्या हातचं त्यात? मेलो तरी नाही.

"भात झालाय का?" मी विचारलं.

"झालाय," सून म्हणाली.

"मग वाढ. सगळ्यांना वाढ."

"बाबा, दीड वर्षाचं आहे," मुलगा डोळे पुसत म्हणाला. "आर यू शुअर?"

"तुझ्या आईने केलेलं खाऊन आजवर कोणी आजारी पडलंय का?"

आम्ही चौघं ताडपत्रीखाली बसलो. मध्येच वर साठलेलं पाणी भस्सकन एका कोपऱ्यातून खाली यायचं. कागदाच्या ताटल्या, त्यात भात, त्यावर ते. मी ताटली मांडीवर घेऊन नुसता बसलो होतो. आणि मग का कोण जाणे, सांगून टाकलं. वार, डबे, ब्रेड-ऑम्लेट, फोन, सगळं. गळ्याशपथ म्हणालो ते सांगितलं. संध्याकाळी फोन आला ते त्यांना माहीतच होतं.

मुलाने ताटली खाली ठेवली. मग म्हणाला, "बाबा, आईला आधीपासून ब्लॉकेजेस होते. डॉक्टर म्हणाले ना."

"मला ठाऊक आहे रे. मला अक्कल नाही का?"

"मग?"

"मग काही नाही. ती शेवटचं जे माझ्याकडून ऐकून गेली ते खोटं होतं. एवढंच."

तो जवळ सरकला. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला. त्याची आई नसताना असं बापाला धरायचं कसं, हे त्यालाही नवीनच होतं.

मी पहिला घास घेतला. गिळला. थांबलो. घशाशी लक्ष लावून बसलो, जसा नव्या ब्रेकचा आवाज ऐकायला बसायचो तसा. दुसरा घेतला. तिसरा घेतला. आंबट, गोड, तिखट, मधूनच खोबऱ्याचा काप. काही नाही. जराही नाही. आयुष्यात पहिल्यांदा अळू माझ्या घशाखाली लोण्यासारखं गेलं. खरंच दुप्पट चिंच घातली होती तिने. जिंकली होती ती, अगदी खरीखुरी, आणि मला ते त्या बुधवारीच कळलं असतं. गुरुवारी तिला खरं सांगून तेवढंच हसवता आलं असतं. एक घास, एक घास खायला माझं काय जात होतं?

मग मला आवरेना. ताटली मांडीवर आणि मी रडतोय. पोरासुनेसमोर मी कधी रडलो नव्हतो, पुण्यातसुद्धा नाही.

"आजोबा," नात म्हणाली. तिची ताटली चाटूनपुसून साफ होती. "घसा इची आहे का?"

"नाही गं बाळा. नाही खवखवला."

"मग तुम्ही खाल्लं. अँड इट डिडन्ट इच. म्हणजे आता ते लाय नाहीये."

"शपथ तेव्हा घेतली होती ना मी. खोटी."

तिने जरा विचार केला. "मग आजीने सुटली नाही म्हटलं?"

"नाही. मी म्हण म्हटलंच नाही तिला. आणि तिला कुठे माहीत होतं, खोटी आहे ते."

"ओके," ती म्हणाली. खुर्ची चिखलातून ओढत माझ्या अगदी जवळ आणली, आजीबरोबर करायची तसा माझ्या गळ्याला चिमटीने हात लावला आणि म्हणाली, "सुटली."

जिने म्हणायला हवं होतं ती ही नव्हती. हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

"परत म्हण," मी म्हटलं.

"सुटली, आजोबा," ती म्हणाली, आणि भांड्यात अजून थोडं उरलंय का ते बघायला उठली.